पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड: दर्शनही नीट, कोकणकडाही नीट

आमच्या आईला महादेवाला जायचं होतं आणि मला कोकणकड्याला. दोघींचा गड एकच, हरिश्चंद्रगड. मी त्याआधी पाच-सहा वेळा जाऊन आले होते, तरी "गाभाऱ्यात पिंड कशी आहे गं?" असं आईने विचारल्यावर मला धड सांगता येईना. दर वेळी देवळापाशी चहा प्यायचा, कळसाचा एक फोटो काढायचा आणि सूर्यास्त हुकेल म्हणून कड्याकडे पळायचं, एवढंच केलं होतं. म्हणून तिला घेऊन जायचं ठरलं तेव्हा सगळा बेत नव्याने आखावा लागला. तोच इथे देते आहे. बरोबर साठीच्या आसपासचं कुणी असेल, किंवा तुम्हीच पहिल्यांदा जाणार असाल, तर जसाच्या तसा वापरा.

गड अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दीही इथेच येऊन भिडतात. उंची सुमारे १४२४ मीटर. माथ्यावरच्या शिखरांना हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास अशी नावं आहेत, म्हणजे अख्खं राजघराणंच वर नांदतंय. नावात गड आहे म्हणून तटबुरूज पाहायला निघालात तर मात्र हिरमोड होईल. पाहायचं आहे ते देऊळ, लेणी, पाण्याची कुंडं आणि कडा.

आधी वाट ठरवा, तारीख नंतर

वाटा बऱ्याच आहेत, पण बहुतेकांच्या कामाच्या दोनच.

पाचनईची वाट सगळ्यात सोपी. गाव गडाच्या उत्तर अंगाला आहे आणि डांबरी रस्ता गावापर्यंत जातो. सवयीचा माणूस दोन तासांत देवळाशी पोचतो, आईला सव्वातीन तास लागले. चढ आहे, पण छातीवर येणारा नाही.

खिरेश्वरची वाट पुणे जिल्ह्याच्या बाजूने येते. माळशेज घाटाच्या रस्त्यावर खुबी फाट्याला उतरायचं आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याकडेने पाचेक किलोमीटर आत खिरेश्वरला जायचं. गावातलं नागेश्वराचं जुनं देऊळ आणि त्याच्या छतावरचं कोरीव काम बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग टोलार खिंड. खिंडीत वाघ कोरलेला एक दगड आहे. खिंडीनंतर उभा कातळटप्पा लागतो, तिथे रेलिंग लावलेली आहेत. टप्पा चढून गेलं की माणसाला वाटतं, आलोच. तिथून पुढे साती टेकड्या सुरू होतात. एक उतरायची, दुसरी चढायची. देवळाचा पत्ता नाही. एकूण चार ते पाच तास धरा.

या टेकड्यांवर आम्ही तिघं चुलत भावंडं एका ऑगस्टात सपशेल चुकलो होतो. खिरेश्वरहून साडेदहाला निघालो, हीच पहिली चूक. वर इतकं धुकं की पुढच्याची पाठपिशवी दिसेना, दगडावरचे बाण तर सोडाच. तासभर फिरून परत त्याच खडकापाशी आलो आणि मग बसून राहिलो. शेवटी गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, त्या रोखाने हाका मारल्या, तेव्हा इरलं पांघरलेला एक गुराखी धुक्यातून बाहेर आला. "इकडं कुठं? देऊळ मागं राह्यलं," एवढंच म्हणाला आणि आम्हाला दहा मिनिटांत देवळाशी नेऊन सोडलं. तेव्हापासून माझा नियम: पावसाळ्यात खिरेश्वरहून जायचं तर गावातला वाटाड्या घेऊनच.

नळीची वाट बेलपाड्याहून थेट कोकणकड्याच्या कुशीतून वर येते. ती दोर, हेल्मेट आणि अनुभवी माणसं घेऊन करायची गोष्ट आहे. व्हिडिओ बघून तिकडे वळू नका.

दमदार माणसांनी खिरेश्वरने चढून पाचनईला उतरावं, म्हणजे गड आडवा पार होतो. गाडी मात्र दुसऱ्या बाजूला कशी आणायची ते आधी ठरवा. आईबरोबर आम्ही पाचनईहूनच चढलो आणि तिथेच उतरलो.

कधी जावं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. सप्टेंबरअखेरीस पठारावर सोनकी फुलते, तो पिवळा रंग बघायचा तर थोडा चिखल सोसा. भर पावसात धबधबे आहेत, हिरवाई आहे, पण कोकणकड्यावर उभं राहून पांढऱ्या भिंतीकडे बघून परत यायची तयारी ठेवा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन कधीकधी पर्यटनस्थळांवर बंदी घालतं आणि माळशेजचा रस्ता दरडीमुळे बंद होतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पाचनईत कुणाला तरी फोन करून विचारा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चढणं म्हणजे शिक्षा. तेव्हा पहाटे पाचला पायथा सोडायचा.

महाशिवरात्रीला गडावर जत्रा असते आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटतात. वातावरण अनुभवायचं असेल तर जरूर जा. शांतपणे बसायचं असेल तर तो दिवस टाळा आणि साधा सोमवार पकडा. शनिवार-रविवार कुठल्याच कारणासाठी पकडू नका. आम्ही डिसेंबरातला मंगळवार निवडला आणि देवळाच्या आवारात तासभर आम्ही दोघी, एक कुत्रा आणि चहावाली मावशी, एवढेच होतो.

पाचनईला पोचायचं कसं

मुंबईकडून: रेल्वेने कसारा किंवा इगतपुरी, तिथून घोटी, बारी, भंडारदरा, राजूर आणि मग पाचनई. कसाऱ्याहून जीप ठरवता येते, पाच-सहा जण असाल तर परवडतं. पुण्याकडून: नारायणगाव, आळेफाटा, बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ आणि पाचनई. नाशिककरांनी घोटी किंवा अकोले गाठून राजूरला यावं.

एसटीच्या भरवशावर राजूरपर्यंत या. पुढे पाचनईला जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून परतीची गाडी सकाळी चढण्याआधीच बोलून ठेवा. संध्याकाळी खाली आल्यावर गाडी शोधणं फार जिवावर येतं. पेट्रोल राजूरला किंवा कोतूळला भरा आणि नोटा तिथेच खिशात घाला, वर ऑनलाइन पैशांचा भरवसा नाही.

आदल्या रात्री पाचनईत मुक्काम केलात तर अर्धं काम झालंच. गावात बऱ्याच घरांत राहण्या-जेवण्याची सोय होते. स्वच्छतागृह असतं, आणि ही गोष्ट बायकांनी तरी आधी विचारून घ्यावी, कारण वर त्याची खात्री धरता येत नाही. आम्हाला रात्री नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला. ज्या घरी उतरलो तिथल्या सूनबाईंनी आईला बघून विचारलं, "आजी, काठी हाये का?" नव्हती. त्यांनी कोपऱ्यातली आपल्या सासऱ्यांची काठी काढून दिली. पुढच्या दोन दिवसांत आम्ही नेलेल्या सगळ्या सामानापेक्षा त्या काठीचा उपयोग जास्त झाला.

पिशवीत काय

फार नको. माणशी तीन लिटर पाणी (पावसाळ्यात दोन चालतील), गूळ-शेंगदाणे, मीठ-साखर, टॉर्च आणि तिचे जादा सेल, रोजची औषधं दोन ठिकाणी विभागून, जुना टॉवेल आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड. हा शेवटचा जोड केदारेश्वरासाठी. थंडीत रात्री राहणार असाल तर कानटोपी आणि जाड स्वेटर, पठारावरचा वारा हाडात शिरतो. बूट जुने, पायाला सरावलेले. नवेकोरे बूट घालून येणारे दर वेळी भेटतात, आणि परतताना ते बूट त्यांच्या हातात असतात.

पूजेचं सामान घरूनच घ्या: बेल, भस्म, छोटा तांब्या. बेलाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की दुसऱ्या दिवशीपर्यंत ताजी राहतात. प्लास्टिकच्या पुड्या नेऊ नका, त्या देवळाच्या मागेच पडतात.

चढ

सकाळी सहाला निघा. गावाच्या शेवटी वनखात्याची नोंद आहे, कारण हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाव लिहून, असेल ते शुल्क भरून पुढे व्हा.

पहिला अर्धा तास झाडीतून अंगावर येणारा चढ आहे आणि नवखा माणूस इथेच दम घालवून बसतो. आईला मी सांगितलं होतं, बोलता आलं पाहिजे इतक्याच वेगाने चालायचं. ती मनातल्या मनात "ॐ नमः शिवाय" म्हणत चालली, जप तुटायला लागला की थांबायची. कुठल्याही घड्याळापेक्षा हे माप बरं.

त्यानंतर वाट कातळाला बिलगून आडवी जाते. डोक्यावर कड्याचं छप्पर, एका बाजूला दरी. वाट रुंद आहे आणि नेमक्या जागी रेलिंगही आहेत, पण पावसात कातळावर शेवाळ धरतं. तेव्हा पाऊल पूर्ण टेकवायचं, टाचेवर चालायचं नाही. रेलिंगला हात लावण्याआधी एकदा नजर टाका. पावसाळ्यात हिरवा चापडा हा विषारी साप फांद्यांवर, झुडपांत निवांत बसलेला असतो आणि पानासारखाच दिसतो. त्याला काठीने डिवचू नका, बाजूने जा.

पुढे ओढा लागतो. पावसाळ्यात त्याला जोर असेल आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका, सरळ बसून राहा किंवा मागे फिरा. डोंगरातलं पाणी जसं चढतं तसंच पाऊस थांबल्यावर उतरतंही. ओढ्यानंतर पठार, आणि पठारावरून थोडं चाललं की झाडीतून देवळाचं शिखर दिसतं. आई तिथे थांबली, चपला काढायला लागली. मी म्हटलं, अगं अजून पंधरा मिनिटं आहेत. "असू दे, कळस दिसला ना," म्हणाली. मग आम्ही तिथेच बसून शेंगदाणे खाल्ले, आणि चपला परत घालून निघालो.

देवळाला दोन तास द्या

सगळे इथेच घाई करतात. मीही करायचे.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ साधारण सोळा मीटर उंच आहे आणि काळ्या दगडात वरपासून खालपर्यंत कोरलेलं आहे. आधी दर्शन घ्या, अभिषेक करायचा तर तांब्याभर पाणी पुरे. मग बाहेर येऊन देवळाला एक चक्कर मारा, पण मान वर करून. शिखरावरची नक्षी खालून वर लहान लहान होत जाते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्या सावल्या पडतात. दुपारी बाराला हेच शिखर सपाट दिसतं, म्हणून सकाळी पोचायचं.

आवारात आणि भोवताली खडकात खोदलेल्या खोल्या आहेत. चांगदेवांनी इथे तप केलं अशी परंपरा आहे. 'तत्त्वसार' हा ग्रंथ त्यांनी याच गडावर लिहिला असं मानतात, त्याचा काळ शके १२३४, म्हणजे इसवी सन १३१२. भिंतींवर शिलालेखही आहेत. अक्षरं झिजली आहेत, बोटांनी चाचपू नका, त्यावर पाणी किंवा खडू लावून फोटो तर मुळीच काढू नका. तिरका उजेड पडला की डोळ्यांनाच दिसतात.

देवळाच्या पूर्वेला पुष्करणी आहे. एका काठाने ओळीत १४ देवळ्या. त्यांत पूर्वी विष्णूच्या मूर्ती होत्या, त्या आता हलवल्या आहेत आणि कोनाडे रिकामे आहेत. आई बराच वेळ त्या रिकाम्या कोनाड्यांपुढे एकेक करून हात जोडत गेली. मला आधी गंमत वाटली, मग मी तिच्या मागे उभी राहिले.

या पुष्करणीत उतरून पोहू नका, साबण लावू नका.

केदारेश्वर

देवळाच्या आवारातून बाहेर पडून मंगळगंगेच्या ओढ्याच्या बाजूने थोडं खाली उतरलं की केदारेश्वराची लेणी. एका मोठ्या खोदीव दालनात पाणी भरलेलं आणि मधोमध प्रचंड शिवलिंग. लिंगाभोवती चार खांब होते, त्यातला एकच शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगं, आणि शेवटचा पडला की कलियुग संपेल, असं गावकरी सांगतात.

पाणी कमरेपर्यंत असतं, कधी त्याहून वर, आणि भर उन्हाळ्यातही बर्फासारखं थंड. प्रदक्षिणा पाण्यातूनच घालावी लागते. घालायलाच हवी असं नाही. हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी काठावरूनच नमस्कार करावा. उतरायचंच असेल तर अशी पद्धत ठेवा: आधी पाय बुडवून दोन मिनिटं बसा, मग भिंतीला हात लावून सावकाश उतरा, तळ असमान आहे म्हणून पाऊल घासत न्या, आणि एक प्रदक्षिणा झाली की बाहेर. लगेच अंग पुसून कोरडे कपडे. आमच्या आधी कॉलेजची मुलं उतरली होती आणि किंचाळ्यांनी लेणं दणाणून गेलं होतं. आई त्यांच्या नंतर उतरली, ओठ निळे पडले तरी आवाज काढला नाही. वर आल्यावर मुलांपैकी एकाने विचारलं, "काकू, थंडी नाही वाजली?" "वाजली की. पण ओरडून कमी होते का?"

कोकणकडा

देवळापासून पश्चिमेला अर्ध्या तासाची चाल. दुपारी देवळापाशी जेवून, थोडं आडवं होऊन चारच्या सुमारास निघा, म्हणजे सूर्यास्ताआधी तासभर हातात राहतो.

कडा नुसता उभा नाही, आत वळलेला आहे, नागाच्या फणीसारखा. याचा अर्थ काठावर उभे असता तेव्हा तुमच्या पायाखाली पोकळी असते आणि ती तुम्हाला दिसत नाही. लोक पोटावर झोपून डोकं बाहेर काढतात. मी पण काढलं आहे, आणि आता कुणाला काढ म्हणणार नाही. काठापासून दहा पावलं मागे बसलात तरी अर्धवर्तुळ पूर्ण दिसतं आणि खाली कोकणातली बेलपाड्याची घरं काडेपेट्यांसारखी दिसतात. पावसाळ्यात दरीतून वर येणारा वारा इतका जोरकस असतो की टाकलेली हलकी वस्तू उलटी अंगावर येते. हा खेळ बघायला बाटल्या फेकणारे बरेच असतात, ते करू नका.

इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्य. ते १८३५ साली कर्नल साइक्स यांना इथे दिसल्याची नोंद आहे. ते बघायचं तर संध्याकाळी नव्हे, सकाळी जायला हवं: कड्याचं तोंड पश्चिमेला आहे, तेव्हा ऊन पाठीमागून यावं आणि समोर दरीत ढग असावेत. मग ढगावर तुमचीच सावली पडते आणि तिच्याभोवती रंगांचं कडं. मला सहा फेऱ्यांत एकदा दिसलं, जेमतेम अर्धं मिनिट.

सूर्य बुडाला की लगेच उठा. टॉर्च आधीच हातात घ्या, पिशवीच्या तळाशी नको. अंधारात पठारावरच्या सगळ्या पायवाटा सारख्या दिसतात.

मुक्काम आणि दुसरा दिवस

वर गावकऱ्यांनी झोपड्या थाटल्या आहेत. तंबू, जेवण, चहा, लिंबू सरबत मिळतं. भाव खालच्यापेक्षा जास्त असणारच, सगळं डोक्यावरून वर आणलेलं असतं. घासाघीस करू नका. लेण्यांत झोपायची चाल जुनी आहे, पण आत चूल पेटवल्याने छत काळं पडतं, म्हणून तंबूच बरा. संकष्टी, सोमवार असेल तर आधी सांगून ठेवा, वरईचा भात करून देतात. पाणी कुठल्या टाक्याचं पिण्याचं आणि कुठलं नाही हे त्यांनाच विचारा, नाहीतर उकळून प्या.

दुसऱ्या दिवशी ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी पहाटे तारामतीवर जावं, देवळापासून पाऊण तासाचा चढ आहे. वाटेत पायथ्याला गणेशगुहेत साडेआठ फुटांची गणेशमूर्ती आहे. आई तिथपर्यंतच आली, मी शिखरावर जाऊन आले. मी उतरले तेव्हा ती गणपतीसमोर बसून सफरचंद चिरत होती.

उतरायला नऊच्या आत सुरुवात करा. उतार गुडघे खातो, म्हणून काठी पुढे टेकवून मग पाऊल, आणि अवघड जागी तोंड डोंगराकडे करून उतरा. लाज कसली? कचऱ्याची पिशवी भरून खाली आणा, स्वतःची तरी. आम्हाला उतरायला तीन तास लागले, चढण्यापेक्षा फार कमी नाही.

खाली आल्यावर आधी काठी परत करायची आठवण ठेवा. मग गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा, पोटऱ्यांना तेल लावा आणि लगेच गाडीत तासन्‌तास बसू नका, मध्ये दोनदा उतरून चाला. आईने यातलं काहीच ऐकलं नाही, आळेफाट्यापर्यंत झोपली. पुढचे तीन दिवस आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचा जिना ती उलटी, कठड्याला धरून उतरत होती, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना केदारेश्वराचं पाणी किती गार आहे ते सांगत होती.